झाकणाची खाच

९ जानेवारी

मामा,

काल फोनवर मी म्हटलं, ‘खाच पाडून हवी आहे,’ आणि तू म्हणालास, ‘पाच वाजता? ये की, घरीच आहे.’ इथून तुझ्याकडे यायला मला दीड दिवस लागतो. तेव्हा आता पत्रच. चाळीस वर्षांत त्या लेथला तू कान दिलेस ते कायमचेच दिलेस. माझ्या वाट्याला डोळे तरी येऊ देत.

मी इथे काय करते ते तू दर वेळी विचारतोस आणि मी दर वेळी ‘मोजमाप’ म्हणून सुटका करून घेते. आता गरज माझी आहे, म्हणून नीट सांगते. काही धातू खूप गार केले की त्यांच्यातून वीज अडथळ्याशिवाय वाहते. बॅटरीची सरळ वीज असेल तर अडथळा शून्य. पण तीच वीज सेकंदाला दहा अब्ज वेळा मागेपुढे हलवली, की थोडी वाया जातेच. ती किती वाया जाते ते मोजायचं, एवढंच माझं पाच वर्षांचं काम.

त्यासाठी नायोबियम नावाच्या धातूचा एक डबा आहे, चहाच्या पेल्याएवढा. त्यात मायक्रोवेव्ह लहर सोडायची आणि ती किती वेळ घुमते ते बघायचं. भांड्याला टिचकी मारून तू पूर्वी कान लावायचास ना, तसं. डबा जसजसा गार करू तसतसा अपव्यय घटायला हवा. आमचा घटतो, घटतो आणि एका जागी ठाण मांडून बसतो. तिथून खाली हलायचं नाव नाही.

माझ्या गाइड, म्हणजे बाई, म्हणतात की तो या धातूचा स्वभावच आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तसं छापलं आणि त्यावर त्यांचं नाव झालं. माझा प्रबंधही त्याच पायावर उभा आहे. पण मला डब्याच्या झाकणाची शंका येते. त्याच्या आतल्या बाजूला कडेने एक गोल खाच आहे, ती उथळ आणि वाकडी वाटते. इथल्या वर्कशॉपमधला माणूस म्हणाला, ‘हा चिवट धातू मी परत हातात धरणार नाही.’ म्हणून तू.

सोबत आराखडा आणि दोन चकत्या पाठवते. जुनं झाकण ज्या दांड्यातून कापलं त्याच दांड्याच्या आहेत. दोन्हीपैकी एक बिघडली तरी चालेल.

बाईंना यातलं काही सांगितलेलं नाही. फरक पडलाच नाही, तर उगाच कशाला?

मामीला माझा गालगुच्चा दे.

तुझी भिंगरी


२० जानेवारी

भिंगरे,

पार्सल पोचलं. एवढ्याशा चकत्यांना एवढा कापूस? तू जन्मलीस तेव्हाही तुला इतकं गुंडाळलं नव्हतं.

अक्षर मामीचं आहे, मजकूर माझा. चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय, म्हणून मी सांगतो आणि ही लिहिते. (कंसात येईल ते माझं. — मामी)

आता माझे प्रश्न. मायक्रोवेव्ह म्हणजे उरलेलं अन्न गरम करायचं कपाट, एवढं मला ठाऊक. तू एकीकडून डबा गार करतेस आणि दुसरीकडून त्यात मायक्रोवेव्ह सोडतेस. म्हणजे एका हाताने घागर भरायची आणि दुसऱ्या हाताने तिला भोक पाडायचं. याला पाच वर्षं लागतात हे मान्य.

दुसरं, अडथळा शून्य म्हणतेस आणि मग थोडा आहे म्हणतेस. माझ्याकडे एखादं गिऱ्हाईक म्हणालं की ‘फट नाही, पण थोडी आहे,’ तर मी त्याला घरी पाठवतो.

तिसरं, खाच कशासाठी? एक मिलिमीटर खोल, गोलभर सारखी, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक नको म्हणतेस. हौस आहे की कारण? कारण कळल्याशिवाय मी धातूला हात लावत नाही. (हे खरं आहे. एकदा एकाला बोल्ट करून द्यायच्या आधी अर्धा तास उलटतपासणी घेतली होती. तो बोल्ट विकत घेऊन मोकळा झाला.)

जेवत जा. फोनवर तुझा आवाज बारीक वाटला. (यांना आवाज ऐकूच आला नाही. पण मलाही बारीक वाटला.)

मामा


२९ जानेवारी

मामा, आणि कंसातली मामी,

शून्याचं आधी. गार धातूत विजेचे कण जोड्या जमवून चालतात. या जोड्या कुठे अडखळत नाहीत. पण काही कण सुटे राहतातच. वीज सरळ वाहते तेव्हा सगळं ओझं जोड्या उचलतात, सुट्यांना कामच पडत नाही. म्हणून शून्य. वीज भराभरा मागेपुढे हलायला लागली की सुटेही तिच्याबरोबर ओढले जातात, धडपडतात आणि गरम होतात. आणखी गार केलं की सुटे कमी होतात. म्हणून अपव्यय घटत जायला हवा.

आता खाच. डब्यात एकाच सुरात घुमणाऱ्या दोन लहरी असतात, जुळ्या बहिणींसारख्या. पहिली शहाणी. तिची वीज डब्याच्या भिंतीवर गोल गोल फिरते आणि झाकणाचा सांधा कधी ओलांडत नाही. मला मोजायची आहे ती हीच. दुसरीची वीज मात्र सांधा ओलांडून ये-जा करते, आणि सांधा कितीही घट्ट असला तरी तिथे वाया जाते. कडेला खाच पाडली की दुसरीचा सूर तेवढा उतरतो, पहिलीला धक्का लागत नाही. खाच उथळ किंवा एकीकडे कमी खोल राहिली तर दुसरी पहिलीच्या आड लपून बसते. मग मी मोजते धातू, आणि त्यात मिसळून येतो सांधा.

कारण पटलं का?

इथे एक अडचण झाली आहे. बाईंनी लेख लिहायला घेतलाय, माझंही नाव घालून. परवा मला शेजारी बसवून आलेख दाखवला आणि म्हणाल्या, ‘बघ, नऊ वर्षांनी तोच तळ, त्याच जागी. इतकं सुंदर जुळतं का कधी?’ मी म्हटलं, ‘नाही.’ जुळणारच, बाई. झाकण तेच आहे. पण हे मनात म्हटलं.

मामा, घाई कर म्हणत नाही. पण कर.

भिंगरी


१७ फेब्रुवारी

भिंगरे,

कारण पटलं. सांध्यातून गळतं हे मला दहा अब्ज वेळा सांगायची गरज नव्हती, एकदा पुरे होतं.

झाकण पाठवतोय. त्याआधी त्याची कर्मकथा ऐक. पहिली चकती गेली. हा तुझा धातू म्हणजे च्युइंगम आहे. कापला जात नाही, हत्याराला चिकटतो आणि मग कातडं सोलल्यासारखा फाटतो. खाचेची एक कड अशी ओरबाडली गेली की बघवेना. दोन दिवस लेथला हात लावला नाही, नुसतं बघत बसलो.

मग हत्यार नवीन घासलं. धार इतकी केली की वहीच्या कागदाची कड उभी चिरली जाईल. दगडावर घासून चकचकीत केलं. तेल सढळ हाताने सोडलं, आणि पुढे सरकायचा वेग एकदम कमी. हत्यार कुरकुरलं की थांबायचं, मागे घ्यायचं, पुन्हा धार लावायची. आठ दिवसांत चार वेळा धार लावली. (कुरकुर बारीक असते. आधी हत्याराची येते, मग धातूची. धातूची आली म्हणजे उशीर झाला.)

खोली बारा ठिकाणी मोजली. बाराही आकडे वेगळ्या कागदावर लिहिलेत. तुझ्या तिथल्या चांगल्या यंत्रावर मोजून बघ आणि आमचं चुकलं असेल तर तोंडावर सांग.

(चुकलेलं नाही.)

मामा


६ मार्च

मामा,

आधी आकडे. आमच्या यंत्राने बाराही ठिकाणी तुझेच आकडे दाखवले. मोजणारा माणूस म्हणाला, ‘हे कुणी केलं? मला त्यांचे हात बघायचे आहेत.’ मी कॉलर ताठ करून ‘माझा मामा’ म्हटलं.

रसायनवाल्या मैत्रिणीने झाकण आम्लात बुडवून ओरखडलेला वरचा थर काढून दिला. मंगळवारी डबा जोडला आणि गार करायला अतिथंड द्रव हेलियममध्ये सोडला. मी पडद्यासमोर बसले. अपव्यय घटत घटत त्या नेहमीच्या जागी आला. तो थांबला नाही, मामा! तिथून खाली गेला, आणखी खाली, जुन्या तळाच्या दहाव्या भागापर्यंत. ज्या जागेला आम्ही जमीन समजत होतो तो नुसता माळा होता.

मी दहा मिनिटं नाचले. मग खुर्चीत बसले.

कारण आता बाईंचा नऊ वर्षांपूर्वीचा निष्कर्ष चुकीचा ठरतो. त्या वेळी डबा हाच होता आणि झाकणही तेच. माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं बाद. लेख तयार आहे, येत्या सोमवारी पाठवायचा आहे. आज बाई जिन्यात भेटल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘दमलेली दिसतेस, दोन दिवस सुट्टी घे.’ त्यांनी मला मुलीसारखं वागवलंय. आजारी पडले तेव्हा डबा घेऊन वसतिगृहात यायच्या. त्यांच्यापुढे हा आलेख कोणत्या तोंडाने ठेवू?

गप्प राहिले तर कुणालाच कळणार नाही. हेही एकदा मनात आलं. तुला खोटं कशाला सांगू?

भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

तुझ्यासारखंच मीही उत्तर जलद टपालाने पाठवतोय, सोमवारच्या आत मिळावं म्हणून.

तुकडा चुकीच्या मापाचा निघाला तर तो तुकडाच वाया जातो. चूक लपवून तो यंत्रात बसवला तर यंत्र जातं, आणि यंत्रावर विसंबलेला माणूसही. तू आजच बाईंकडे जा. फिरवाफिरवी नको. आलेख पुढे ठेव आणि गप्प बस. ज्या बाई आजारपणात डबा आणतात त्यांना खरं पचवता येतं. आणि समजा रागावल्या, तर रागावू दे. माणसाने जे आहे ते आहे म्हणावं, नाही ते नाही म्हणावं. लाज लपवण्यात असते, सांगण्यात नसते.

(यावर मी काही लिहीत नाही.)

मामा


३० मार्च

मामा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. ते पर्समध्ये ठेवूनच बाईंच्या खोलीत गेले. आलेख टेबलावर ठेवला आणि तू सांगितलंस तशी गप्प बसले. त्यांनी बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग विचारलं, ‘झाकण कधी बदललंस?’

‘फेब्रुवारीत.’

‘मला न सांगता?’

‘हो.’

‘बस इथेच,’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. दहा मिनिटांनी प्रयोगशाळेतला जुना कोट घालून परत आल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी स्वतः डबा जोडलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी जुनं झाकण लावलं, दुसऱ्या दिवशी नवं, तिसऱ्या दिवशी परत जुनं. प्रत्येक स्क्रू स्वतः आवळला. मला फक्त हेलियम सोडायला दिलं. जुनं लावलं की तळ वर, नवं लावलं की तळ खाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘नऊ वर्षं मी सांध्याची गळती मोजत होते आणि तिला धातूचा स्वभाव म्हणत होते.’

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. म्हणाल्या, ‘तू कशाला रडतेस? तुझा आकडा तर खरा आहे. रडायचा मान माझा आहे, आणि मला आत्ता वेळ नाही.’

तो लेख त्यांनी पाठवलाच नाही. आता दुरुस्तीचं टिपण लिहितायत. पहिल्याच ओळीत ‘माझा पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता’ असं आहे. मी म्हटलं, थोडं सौम्य लिहू या. त्या म्हणाल्या, ‘सौम्य लिहिलं की लोक पुढची नऊ वर्षं तेच करत राहतील.’ माझा प्रबंध एक वर्ष लांबला. पण नव्या तळावर माझं नाव पहिलं असणार आहे.

आणि आता तुझ्यासाठी. टिपणाच्या शेवटी खाच पाडणाऱ्या कारागिराचे आभार छापायचे आहेत. बाई म्हणाल्या, ‘त्यांच्याशिवाय मी मरेपर्यंत चुकीची राहिले असते.’ तुझं पूर्ण नाव हवं. लवकर कळव.

भिंगरी


१४ एप्रिल

प्रिय भिंगरी,

हे पत्र माझं आहे, कंसाबाहेरचं. यांना सांगितलेलं नाही. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. हे ते खिशात घेऊन हिंडतात आणि उत्तर काही सांगत नाहीत. जेवणावरही लक्ष नाही.

दीड वर्ष झालं, यांचे हात थरथरतात. चष्म्याचं निमित्त आहे. कप मी अर्धाच भरते. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं आटोक्यात राहील, पण बारीक काम विसरा. ते झाकण मी केलं.

हसू नकोस. कान गेले तेव्हापासून मी यांच्या शेजारी उभी राहायचे. लेथवर निम्मं काम कानाचं असतं. हत्यार कुरकुरलं की मी यांच्या खांद्यावर बोट टेकवायचे, हे थांबायचे. अशी अकरा वर्षं गेली. मग हात थरथरायला लागले तेव्हा यांनी माझे हात चाकावर ठेवले आणि वर स्वतःचे ठेवले. नंतर एक दिवस वरचे काढून घेतले.

गिऱ्हाईक आलं की हे पुढे बसून बोलतात. दुपारी दार लोटून मी आत काम करते. कुणाला ठाऊक नाही.

आता माझं ऐक. नाव यांचंच छाप. या माणसाने चाळीस वर्षांत हजारो तुकडे केले. कुणाच्या पंपात आहेत, कुणाच्या गिरणीत आहेत. एकावरही नाव नाही. एकदा तरी छापून येऊ दे. मला नावाचं काय करायचंय? मी तर ऐकता ऐकता शिकले.

हे पत्र वाचून फाडून टाक.

मामी


१५ एप्रिल

भिंगरे

अक्षर लावून वाच. चष्मा ठीक आहे. हात गेलाय. ही बाहेर गेली आहे तोवर लिहितो.

झाकण मामीने केलं. पहिली चकती मी हट्टाने हातात घेतली, ती गेली. दुसरीच्या वेळी मी स्टुलावर बसून सूचना देत होतो. निम्म्या तिने ऐकल्या नाहीत म्हणून नीट झालं.

तुला शहाणपण शिकवत होतो तेव्हा तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुझ्या बाईंनी नऊ वर्षांचं एका ओळीत लिहिलं. मला दीड वर्षाचं जमेना.

नाव तिचं घाल. तिला विचारू नकोस. ती नको म्हणेल.

एवढं लिहायला सकाळ गेली.

मामा


२२ एप्रिल

मामा, मामी,

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी, एकाच रबराने बांधलेली माझ्या दारात आली. मामी, माफ कर, फाडलं नाही. मामा, माफ कर, विचारतेय. दोन्ही पत्रं सोबत परत पाठवते. मामाचं मामीने वाचायचं, मामीचं मामाने. मोठ्याने वाचू नका, उपयोग नाही.

मी किती आंधळी! कुरकुर कुणी ऐकली हे कंसात स्वच्छ लिहिलेलं होतं. बहिऱ्या माणसाला हत्याराची बारीक कुरकुर कशी ऐकू येते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मोजमापं करते म्हणे!

बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे वर्षानुवर्षं चुकीचं सांगणारी मीच एकटी नाही.’ मग लगेच कामाचं बोलल्या. आणखी तीन झाकणं हवी आहेत, आणि या वेळचं पत्र थेट मामीला जाईल. मामी, नाव तुझंच छापतोय, यात आता वाद नाही. फक्त एवढं सांग, नावापुढे काय लावू? माहेरचं, सासरचं, मामाचं?

मामा, तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. अक्षर लागलं. सगळं लागलं.

भिंगरी


२० जून

प्रिय भिंगरी,

टिपण मिळालं. मला एक अक्षर कळलं नाही, शेवटच्या ओळीतलं माझं नाव सोडून. पुढे-मागे काही लावू नकोस असं मी म्हणाले होते, तसंच छापलंस. नुसतं एकटं नाव बघून आधी कसंसंच झालं, मग आवडलं. हे तो कागद घेऊन दिवसभर बसले होते. संध्याकाळी मला म्हणाले, ‘टाइप फार बारीक आहे.’ म्हटलं, तुमचा चष्मा तर ठीक आहे ना? तेव्हा कुठे हसले.

तू परत पाठवलेली पत्रं वाचून आमच्यात काय झालं ते विचारलंस. काही झालं नाही. यांनी माझं वाचलं, मी यांचं वाचलं. मग मी चहा केला आणि पहिल्यांदाच यांचा कप पूर्ण भरला. अर्धा बशीत सांडला. बशीतला मी प्यायले.

दोन झाकणं झाली, तिसऱ्याचं चालू आहे. आता दार लोटत नाही, आत उकडतं.

आज दुपारी पंपवाला दांडा घेऊन आला. नेहमीसारखा यांच्या कानाशी येऊन ओरडला, ‘मिस्त्री, कधी देता?’ मी आत खाचेवर होते, तरी ऐकू आलं. एरवी हे म्हणतात, ‘बघतो, सांगतो.’ आज म्हणाले, ‘मला काय विचारतोस? मिस्त्री आत आहे. तिला विचार.’

पंपवाल्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तो दारात येऊन उभा राहिला. मी लेथ बंद केला, तेलाचे हात पुसले, दांडा हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हटलं, ‘गुरुवारी.’

त्याने वळून यांच्याकडे पाहिलं. यांना मी काय म्हणाले ते काही ऐकू गेलं नव्हतं. तरी हे म्हणाले, ‘ती म्हणते तेच.’

मामी